हिस्टरीतून हिस्टरी गेली: शिंगणापूरच्या बाजूने पाहिलेली चॅनेलांची गोष्ट

'द हिस्टरी चॅनेल' भारतात आलं ते २००३ च्या अखेरीस. २००८ मध्ये त्याचं 'फॉक्स हिस्टरी अँड एंटरटेनमेंट' झालं. पुढे 'फॉक्स हिस्टरी अँड ट्रॅव्हलर', २०११ मध्ये नुसतं 'फॉक्स ट्रॅव्हलर' आणि २०१४ मध्ये 'फॉक्स लाइफ'. इतिहासाच्या शेजारी आधी मनोरंजन येऊन बसलं, त्याच्या जागी प्रवास आला, मग इतिहासाला उठवलं गेलं, शेवटी प्रवासालाही. उरलं ते 'लाइफ', म्हणजे ज्यात काहीही बसतं. या बारशांमागे परवान्यांचे आणि भागीदारीचे व्यवहारही होते. अमेरिकी 'हिस्टरी' नव्या भागीदाराबरोबर २०११ मध्ये 'हिस्टरी टीव्ही१८' म्हणून परत आलं. तेव्हा त्याची ओळख प्रेक्षकांना करून द्यायला सलमान खानला बोलावलं होतं.

एका विषयाला वाहिलेलं चॅनेल हळूहळू विषय सोडतं, ही तक्रार जगभर आहे. अमेरिकेत 'द लर्निंग चॅनेल'चं टीएलसी झालं आणि त्यातलं 'लर्निंग' विसरलं गेलं. 'आर्ट्स अँड एंटरटेनमेंट' या नावाने सुरू झालेल्या ए अँड ई वर कलेचा मागमूस राहिला नाही. मूळ हिस्टरी चॅनेलवर बर्फातले ट्रकवाले, गहाणवटीची दुकानं आणि परग्रहवासी आले. 'एन्शंट एलियन्स' तिथे २०१० मध्ये मालिका म्हणून सुरू झाली. २०१२ मध्ये अ‍ॅनिमल प्लॅनेटने जलपऱ्यांवर माहितीपटाच्या थाटात कल्पित कार्यक्रम दाखवला. पुढच्या वर्षी डिस्कव्हरीने लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेला मेगॅलोडॉन शार्क अजून जिवंत असावा, असं सुचवणारा दाखवला. हे सगळं वाचलेलं असतं, त्यावर विनोदही झालेले असतात. पण अशा लेखांत हा प्रश्न बहुधा शहरी माणसाच्या अभिरुचीचा असतो: पूर्वी बरं दाखवायचे, आता कचरा दाखवतात, आपण आता टीव्ही बघत नाही.

माझं गाव सोनई. शनिशिंगणापूर तिथून हाकेच्या अंतरावर. तालुका नेवासे, जिल्हा अहमदनगर, आता अहिल्यानगर. या बाजूने पाहिलं तर हीच गोष्ट निराळी दिसते. कारण आमच्याकडे टीव्हीच्या जोडीला दुसरं काही नव्हतं. पुस्तकाचं दुकान नाही, संग्रहालय नाही, शाळेतल्या प्रयोगशाळेचं कपाट तपासणीच्या दिवशी उघडायचं. आणि शेजारचं शिंगणापूर तर स्वतःच टीव्हीचा विषय. चॅनेलांनी दोन्हीकडून आमचा हिशेब केला: प्रेक्षक म्हणून आणि दृश्य म्हणून.

पोस्टकार्डाचा काळ

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. 'आमची माती, आमची माणसं' हा शेतीचा कार्यक्रम आमच्या भागात लोक खरोखर बघायचे. साखर कारखान्याच्या परिसरात ऊसवाल्याला तो उपयोगाचा होता. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम दुपारी लागत. १९८८ मध्ये श्याम बेनेगलांची 'भारत एक खोज' आली, ५३ भागांची. नव्वदच्या दशकात सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे यांची 'सुरभि'.

त्या काळाचं गुणगान करायचं कारण नाही. एकच दुकान होतं, ते सरकारचं होतं, आणि काय दाखवायचं नाही हेही सरकारच ठरवत होतं. पण 'सुरभि'ची एक गोष्ट या लेखापुरती महत्त्वाची आहे. ती पत्रांवर चालायची. दर आठवड्याला प्रश्न, आणि उत्तरं पोस्टकार्डावर. पत्रांचे ढीग इतके वाढले की पोस्टखात्याने अशा स्पर्धांसाठी २ रुपयांचं वेगळं कार्ड काढलं. साधं कार्ड तेव्हा १५ पैशांना मिळायचं. म्हणजे सोनईतल्या कुणीही १५ पैसे खर्चून 'मी बघतोय' एवढं दिल्ली-मुंबईला कळवू शकत होतं, आणि ते पत्र कुणाच्या तरी हातात पडून मोजलं जात होतं. पुढच्या तीस वर्षांत तंत्रज्ञान कुठल्या कुठे गेलं. आमची मोजणी मात्र त्या कार्डाबरोबरच थांबली.

काळ्या डब्यात न बसणारी गावं

१९९१ च्या आखाती युद्धाबरोबर देशात केबल पसरू लागलं. डिस्कव्हरी १९९५ मध्ये आलं, नॅशनल जिओग्राफिक १९९८ मध्ये. आमच्याकडे केबलवाल्याने छपरावर तबकडी बसवली आणि गल्लीगल्लीतून काळी वायर झाडांवरून, खांबांवरून नेली. डिस्कव्हरी हिंदीत बोलू लागल्यावर ते घराघरात ऐकू यायला लागलं. मधमाश्यांच्या पोळ्याचं आतलं जग, ज्वालामुखीचं तोंड, पिरॅमिडचा आतला रस्ता, हृदयाची शस्त्रक्रिया. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना रक्ताभिसरण कळलं ते फळ्यावरच्या आकृतीतून नव्हे, तर त्या हिंदी आवाजातून.

त्यात दोष होतेच. जग म्हणजे आफ्रिकेतले सिंह आणि युरोपातली युद्धं, असं त्या चॅनेलांचं मत दिसे. आपला देश दिसला तर वाघ, हत्ती, साधू आणि ताजमहाल. तरीही एक तासाचा कार्यक्रम एका विषयाला एक तास द्यायचा, ही साधी शिस्त होती.

ती का टिकली नाही? नेहमीचं उत्तर: लोकांना नको होतं. हे उत्तर तपासून घ्यायला हवं, कारण लोकांना काय हवं ते कसं मोजत होते?

टॅम नावाची संस्था निवडक घरांत मीटर बसवायची. कुठलं चॅनेल किती मिनिटं लागलं ते त्यावरून ठरायचं, आणि जाहिरातीचा दर त्यावर. पण हे मीटर प्रामुख्याने एक लाखाहून जास्त वस्तीच्या शहरांत होते. सोनई त्यात बसत नव्हतं, शिंगणापूर नव्हतं, नेवासेही नव्हतं. अख्खा ग्रामीण महाराष्ट्र जाहिरातीच्या हिशेबात शून्य होता. ग्रामीण भारताचे आकडे पहिल्यांदा बाहेर आले ते ऑक्टोबर २०१५ मध्ये, नव्या बार्क संस्थेकडून. आले तेव्हा क्रमवारी उलटीपालटी झाली आणि दूरदर्शनच्या मोफत डिशवर दिसणारी 'झी अनमोल'सारखी चॅनेल्स एकदम वर दिसू लागली. तोवर केबलची वीस वर्षं उलटून गेली होती.

छोट्या विषयाच्या चॅनेलला याचा दुहेरी फटका बसतो. मीटर थोडे आणि त्यातही इतिहास-विज्ञान बघणारी घरं मूठभर. चार घरांनी एखाद्या आठवड्यात दुसरं काही लावलं की आकडा कोसळतो. दुसरीकडे जुन्या केबलच्या वायरीत मोजक्याच चॅनेलांना जागा होती. चांगल्या जागेसाठी चॅनेललाच केबलवाल्यांच्या मोठ्या कंपन्यांना पैसे मोजावे लागत. वर्गणीचा पैसा वर नीट पोचत नसे, कारण जोडण्या कमी दाखवल्या जात. मग उरते जाहिरात. जाहिरातीसाठी आकडा हवा, आणि आकड्यासाठी बोट रिमोटवरून उचलू न देणारं काहीतरी हवं. कार्यक्रमाचं काम समजावून सांगणं हे न राहता थांबवून ठेवणं हे होतं. 'ब्रेकनंतर पाहा या गावाचं रहस्य' हे वाक्य तिथून आलं.

तीन मिनिटांचं गाव

रहस्य म्हटलं की शिंगणापूर तयारच असतं. घरांना दारं नाहीत, उघड्या चौथऱ्यावर साडेपाच फुटांहून उंच काळी शिळा, छत नाही. पानसनाल्याच्या पुरात वाहून आलेली शिळा, गुराख्याने काठी टोचल्यावर तिच्यातून वाहिलेलं रक्त, मग स्वप्नातला दृष्टांत: ही आख्यायिका आमच्याकडे सगळ्यांना पाठ. नव्वदच्या दशकात टी-सीरिजचा 'सूर्यपुत्र शनिदेव' आला आणि कॅसेटच्या वाटेने ती देशभर गेली. शिर्डी जवळ असल्याने एकाच फेरीत दोन्ही देव होऊ लागले. घोडेगावच्या फाट्यावर परराज्यांतल्या गाड्या वळायला लागल्या.

मग कॅमेरे आले. कुठलंही माहितीपर, प्रवासाचं, भक्तीचं किंवा बातम्यांचं चॅनेल लावा, क्रम ठरलेला. बिनदाराची चौकट, चुलीपाशी बाई, 'इथे चोरी होत नाही' असं सांगणारे आजोबा, तेलाने चमकणारी शिळा, तीन मिनिटांत निरोप. आमच्याकडे कुत्रं घरात शिरू नये म्हणून लोक फळी टेकवून ठेवतात. ती फळी कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर राहावी अशी काळजी मी घेतलेली पाहिली आहे.

जे दाखवलं ते खोटं होतं असं नाही. पण जे विचारायचं होतं ते विचारलं गेलं नाही. बिनदाराच्या घरात पैसा-दागिना पूर्वी कुठे ठेवत, आता कुठे ठेवतात? गावात बँक आली तेव्हा काय झालं? युको बँकेने जानेवारी २०११ मध्ये इथे 'बिनकुलपाची' शाखा उघडली, तिची बातमी देशभर झाली. पण काचेचं दार आणि रोकडीचा वेगळा बंदोबस्त करून श्रद्धा आणि बँकेचे नियम यांची सांगड कशी घातली, ही खरी गोष्ट होती. २०१० मध्ये एका भाविकाने गाडीतून ३५ हजारांचा ऐवज गेल्याची तक्रार नोंदवली, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणं झालं. दार नसलेल्या गावाला ठाणं लागतं, यात गावाची बदनामी नाही. एका लहान वस्तीचं मोठं तीर्थ झालं की एकमेकांना ओळखण्यावर उभा असलेला विश्वास कसा ताणला जातो, त्याचा तो इतिहास आहे. इतिहासाच्या चॅनेलला याहून चांगला विषय कुठला? पण असा विषय सांगायचा तर आश्चर्यचिन्ह काढावं लागतं.

देवाचा वेळ, भाड्याने

भक्तीच्या चॅनेलांची गोष्ट समांतर आहे, पण तिचं अर्थशास्त्र वेगळं. आस्था २००० मध्ये सुरू झालं, त्याच सुमारास संस्कार, पुढे साधना. माझी आत्या पहाटे पाचला टीव्ही लावायची. गुडघ्यांसाठी आसनं करायची, मग भागवत ऐकायची. रामदेवबाबा घराघरात पोचले ते याच वाटेने. वारकरी घरातल्या बाईला सप्ताहाची वाट न पाहता रोज निरूपण ऐकायला मिळत होतं. त्याची टिंगल करण्यात काही शहाणपण नाही.

पण या चॅनेलांचं उत्पन्न मुख्यतः जाहिरातीचं नव्हतं. वेळ विकली जायची. वीस मिनिटं हवी असतील तर प्रवचनकाराच्या संस्थेने त्या वीस मिनिटांचे पैसे भरायचे. म्हणजे कोण बोलणार हे चांगलं कोण बोलतं यावरून नव्हे, तर कुणाला परवडतं यावरून ठरणार. गावोगाव फिरणाऱ्या, एसटीने येणाऱ्या कीर्तनकाराला ते परवडणारं नव्हतं. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते नेवासे आमच्याच तालुक्यात. तिथल्या परंपरेत वाढलेला अभ्यासू निरूपणकार या चॅनेलांवर क्वचित दिसला. हजारोंचे मंडप, झगमगीत आसन आणि मधे मधे पुस्तकं, औषधं, सहली यांची विक्री मात्र रोज दिसली.

रात्री उशिराचा वेळ तर यंत्रं-तावीज विकणाऱ्यांनी घेतला. साडेसातीची भीती घालायची, मग उपाय दाखवायचा, खाली फोन नंबर. शनि या धंद्यासाठी आदर्श देव. गणपतीची भीती घालता येत नाही. त्याच सुमारास हिंदी बातम्यांच्या चॅनेलांवरही शनिवारी ग्रहांचे तज्ज्ञ बसू लागले. २००८ मध्ये वृत्तवाहिन्यांच्या संघटनेने स्वतःच आचारसंहिता केली आणि अंधश्रद्धा, तंत्रमंत्र यांचा पुरस्कार टाळण्याचं कलम त्यात घातलं. असं कलम घालावं लागलं, यातच काय चाललं होतं ते आलं.

शेवटी आडवं आलं ते न्यायालय. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर झालेला. त्याच्या आधारे जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने निर्णय दिला: देवाच्या नावाने चमत्कारी गुणांचा दावा करून वस्तू विकण्याच्या टीव्हीवरच्या जाहिराती बेकायदा आहेत. प्रकरण होतं हनुमान चालिसा यंत्राचं, आणि अर्जदार होते एक शिक्षक. म्हणजे ज्याला मीटरने कधी मोजलं नाही अशा प्रेक्षकाला आपली नापसंती कळवायला उच्च न्यायालयात जावं लागलं.

चौथरा, कॅमेऱ्याशिवाय आणि कॅमेऱ्यासह

या सगळ्यात काय गमावलं ते शिंगणापूरच्या दोन आंदोलनांवरून दिसतं. २००० साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने दाभोलकरांच्या नेतृत्वाखाली चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह केला. डॉ. श्रीराम लागू त्यात होते. कार्यकर्त्यांना चौथऱ्यापर्यंत पोचू दिलं नाही. तेव्हा चोवीस तास बातम्या देणारं मराठी चॅनेल एकही नव्हतं. ती २००७ पासूनची. जे झालं ते वर्तमानपत्रांत आणि लोकांच्या आठवणीत राहिलं.

२०१६ मध्ये सगळ्यांचे कॅमेरे होते. २६ जानेवारीला तृप्ती देसाईंच्या भूमाता ब्रिगेडचा मोर्चा सुप्याला अडवला गेला. हेलिकॉप्टरने चौथऱ्यावर उतरण्याची घोषणा झाली होती, आणि दिवसभर पडद्यावर तीच चर्चा. पुढे विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने १९५६ च्या कायद्याकडे बोट दाखवलं: सार्वजनिक हिंदू उपासनास्थळी प्रवेश अडवणं गुन्हा आहे. ८ एप्रिलला, गुढीपाडव्याला, परिसरातले पुरुष बंदी मोडून चौथऱ्यावर चढले, आणि देवस्थानाने त्याच दिवशी चौथरा सर्वांना, स्त्रियांसह, खुला केला.

साठ वर्षं जुना कायदा पुस्तकात असताना दार नसलेल्या गावात अदृश्य दार कसं टिकलं? २००० चा सत्याग्रह आणि २०१६ चा निकाल यांच्यात काय घडलं? गावातल्या बायकांचं म्हणणं काय होतं, जे एकसारखं मुळीच नव्हतं? यावर एक नीट तासभर मला तरी कुठल्या इतिहासाच्या चॅनेलवर पाहायला मिळाला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात मात्र एका हिंदी मनोरंजन चॅनेलवर 'कर्मफल दाता शनि' सुरू झाली.

गिऱ्हाईक कोण

मराठीतही हेच झालं. सकाळ समूहाचं 'साम' २००८ मध्ये आलं तेव्हा शेती, आरोग्य, पाककृती, अध्यात्म अशा माहितीच्या कार्यक्रमांचं म्हणून आलं. पुढे तेही बातम्यांचं झालं. मला यात कुणाचा कट दिसत नाही. दुकान चालवणारा गिऱ्हाईकाकडे बघतो. माहितीच्या चॅनेलचं गिऱ्हाईक शहरी आकड्यावर पैसे लावणारा जाहिरातदार होता, भक्तीच्या चॅनेलचं वेळ विकत घेणारी संस्था, मध्यरात्रीचं यंत्र विकणारा. बघणारा माणूस यांपैकी कुठेच गिऱ्हाईक नव्हता. तो माल होता. आणि गावात राहणारा तर मोजलेला मालही नव्हता. म्हणून 'लोकांना हेच हवं असतं' हे वाक्य मला मान्य नाही. त्या लोकांत आम्हाला कुणी धरलंच नव्हतं.

२०१९ च्या सुरुवातीला नवे नियम आले आणि प्रत्येक चॅनेलची किंमत स्वतंत्र दिसू लागली. आपल्याला हवं ते निवडा, असं सांगितलं गेलं. बहुतेक घरांनी केबलवाल्याने बांधलेला गठ्ठाच घेतला, कारण एकेक निवडणं महाग आणि कटकटीचं. ज्यांना परवडलं ते मोबाइलवर आणि ओटीटीवर गेले. तिथे चांगले माहितीपट आहेतही, बहुतेक इंग्रजीत. मागे राहिले ते मोफत डिशवाले. त्या डिशवरची जागा लिलावाने विकली जाते, म्हणजे पुन्हा जो बोली लावेल तो दिसेल.

आमच्या तालुक्यात एक गोष्ट पडून आहे. १९५४ ते ५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी प्रवरेकाठी नेवासे खणलं आणि अश्मयुगातल्या हत्यारांपासून ताम्रपाषाणयुगातल्या वस्तीपर्यंत माणसाची ओळ सापडली. मध्याश्मयुगाच्या आधीच्या एका हत्यार-परंपरेला नेवाशावरून 'नेवासियन' म्हणतात. त्याच प्रवरेवर थोडं वर दायमाबाद आहे; तिथे १९७४ मध्ये रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा ब्राँझच्या चार मूर्ती निघाल्या. नेवाशातच तेराव्या शतकात ज्ञानेश्वर ज्या खांबाला टेकून बसले असं सांगतात तो पैस. आणि वीस-तीस किलोमीटरवर शनीचा चौथरा, त्याचा देव, त्याचा बाजार, त्याचा खटला. तेवढ्या मुलखात लाखभर वर्षांचा इतिहास आहे.

सोनईतल्या दहावीच्या मुलाला आज पानसनाल्याची शिळा कुठून आली ते विचारा, तो पुरापासून स्वप्नापर्यंत सगळं सांगेल. नेवाशाच्या मातीतून काय निघालं ते विचारा, तो तुमच्याकडे बघत राहील. त्याच्या घरात चॅनेल्स शंभरावर येतात.